उपशमनाचे किरण

क्ष-किरणांनी रोगावर उपचार करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयोग कोणा जराजर्जर रोग्यावर नव्हे, तर पाच वर्षांच्या एका मुलीवर झाला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण प्रथम आढळले. आणि वर्ष पुरे होते न होते तोच, १८९६ च्या नोव्हेंबरात, व्हिएन्ना शहरातील लेओपोल्ड फ्रॉइंड ह्या तरुण वैद्याने त्यांचा उपयोग एका बालिकेच्या पाठीवर करून पाहिला. तिची सारी पाठ केसाळ जन्मखुणेने व्यापली होती. क्ष-किरणांच्या नळ्यांपाशी सतत वावरणाऱ्यांचे केस गळतात, अशी वार्ता फ्रॉइंड यांच्या कानी आली होती, तीवरून त्यांना ही युक्ती सुचली. रोज कित्येक तास किरण सोडल्यावर केस खरोखरच गळले. परंतु पाठीच्या खालच्या भागी खोल व्रण पडला व तो भरून येण्यास फार दिवस लागले. ती मुलगी पुढे सत्तरी ओलांडेपर्यंत जगली, संसारही केला. मात्र पाठीवरचा वण आणि झिजलेला कणा यांनी तिची जन्मभर सोबत केली. किरणोपचाराच्या पुढील सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जे जे काही घडावयाचे होते, त्याचे बीज ह्या एका पाठीवर उमटलेले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच वर्षीच्या जुलैत फ्रान्समधील लियाँ येथे व्हिक्टर देपेन्य यांनी पोटाच्या कर्करोगाने अंथरुणास खिळलेल्या एका गृहस्थावर क्ष-किरण योजून पाहिले होते. गाठ काहीशी आकसली, वेदना कमी झाल्या. रोगी मात्र वाचला नाही. देपेन्य यांनी ही हकीगत प्रामाणिकपणे प्रसिद्ध केली. तिच्यात ‘बरे करणे’ साधले नव्हते. साधले होते ते ‘हलके करणे’. म्हणजे कर्करोगावरील किरणोपचाराचा आरंभच मुळी उपशमनाने झाला, आणि रोगमुक्तीचे यश त्यास पुढे कितीतरी वर्षांनी लाभले.

ह्या दोहोंतील भेद आपल्याकडील प्राचीन वैद्यांस चांगला ठाऊक होता. त्यांनी साध्य आणि असाध्य ह्या दोन टोकांच्या मधोमध ‘याप्य’ नावाचा एक वर्ग कल्पिला होता. जो रोग मुळासकट जात नाही, पण उपचार चालू आहे तोवर आवरून धरता येतो, तो याप्य. कोसळू पाहणाऱ्या घरास नीट दिलेल्या टेकूची उपमा सुश्रुतसंहितेत अशा उपचारास दिलेली आहे. पाश्चात्यांनी ह्याच अर्थी जो शब्द रूढ केला तो झगा ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. दुःख झाकणारे, पांघरूण घालणारे ते उपशामक. दोन्ही कल्पना सुंदर आहेत. परंतु टेकूची कल्पना अधिक खरी वाटते. पांघरुणाखाली दुःख तसेच राहते. टेकू दिलेल्या घरात काही दिवस का होईना, माणसे नांदू शकतात.

लहान मुलांस कर्करोग होतो हेच मुळी त्या काळी सामान्य जनांस ठाऊक नव्हते. देवी, घटसर्प आणि हगवण यांनी बालके इतकी दगावत की, एखाद्याच्या पोटातील गाठीची दखल घेण्यास कोणास सवड नसे. तरीही काही वैद्यांनी ती घेतली. अमेरिकेतील टेक्सास प्रांताच्या ऑस्टिन गावी हिल्गार्टनर ह्या नेत्रवैद्याने १९०३ मध्ये दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या एका बालकावर क्ष-किरण वापरल्याची नोंद केली. त्याच वर्षी शिकागो येथील निकोलस सेन यांनी रक्ताच्या कर्करोगात सुजलेली पानथरी किरणांनी ओसरते असे दाखविले. पोट हलके होई, रोग्यास अन्न जाई, चेहऱ्यावर तकाकी येई. आणि काही महिन्यांनी सूज पुन्हा परते. सिनसिनाटीचे आल्फ्रेड फ्रीडलँडर यांनी १९१६ मध्ये बालकाच्या मूत्रपिंडातील गाठीवर क्ष-किरणांचा उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. ह्या गाठीचे सविस्तर वर्णन जर्मन शल्यवैद्य माक्स विल्म्स यांनी १८९९ मध्येच केले होते व तिला आजही त्यांचेच नाव आहे.

मुलांच्या गाठी किरणांनी इतक्या झटकन का विरतात, ह्याचा खुलासा १९०६ मध्ये बर्गोनिए आणि त्रिबोंदो ह्या फ्रेंच संशोधकद्वयाने केला. उंदरांवरील प्रयोगांवरून त्यांनी असा सिद्धांत मांडला की, ज्या पेशी झपाट्याने विभागतात आणि ज्यांस अद्याप पक्वता आलेली नाही, त्यांवर किरणांचा मारा अधिक लागू पडतो. सिद्धांत पुढे बऱ्याच अपवादांनी मर्यादित झाला. पण बालरोग्यांच्या बाबतीत त्याची दुधारी सत्यता कायम राहिली. मुलाच्या गाठीतील पेशी जशा वाढत्या, तशीच मुलाची हाडे, मेंदू आणि ग्रंथीही वाढत्या. ज्या गुणामुळे गाठ विरघळते त्याच गुणामुळे मूल खुरटते. फ्रीडलँडर यांचेच उदाहरण घ्यावे. १९०७ मध्ये त्यांनी छातीतील ‘थायमस’ ग्रंथी वाढल्यामुळे श्वास कोंडतो अशा समजुतीने एका अर्भकावर क्ष-किरण सोडले आणि ही प्रथा अमेरिकेत चार दशके फोफावली. ग्रंथीचे ते वाढणे बहुतेक वेळी नैसर्गिकच असे. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा कर्करोग झालेल्या मुलांची पूर्वपीठिका तपासली, तेव्हा त्यांतील बऱ्याच मुलांस तान्हेपणी हाच उपचार झालेला आढळला. नसलेल्या दुखण्यावर योजलेल्या किरणांनी खरे दुखणे दिले होते.

पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लोदियुस रेगो आणि आंरी कुतार यांनी १९२० नंतरच्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. सारी मात्रा एकदम न देता ती रोज थोडी थोडी अशी अनेक आठवडे दिली, तर निरोगी पेशींस सावरण्यास अवसर मिळतो आणि गाठ मात्र खचत जाते. आजचा बहुतेक सर्व किरणोपचार ह्या हप्तेबंदीवर उभा आहे. जगवावयाच्या रोग्यास तो हितकर ठरला. ज्यास जगविणे शक्य नाही अशा बालकास हे सहा-सहा आठवड्यांचे हेलपाटे कितपत न्याय्य, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणी विचारला नाही.

मेंदूतील गाठींची कथा ह्याच सुमारास सुरू होते. बोस्टनचे विख्यात शल्यविशारद हार्वी कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी १९२५ मध्ये लहान मेंदूत उगवणाऱ्या एका गाठीस ‘मेड्युलोब्लास्टोमा’ हे नाव दिले. ही गाठ मुख्यतः मुलांची. कुशिंग यांनी १९३० मध्ये आपल्या ६१ रोग्यांचा हिशेब मांडला, तेव्हा तीन वर्षांनंतर त्यांपैकी एकच हयात होता. कुशिंगसारखा जगद्विख्यात शस्त्रवैद्य आपला पराभव आकड्यांनिशी छापतो, हे वैद्यकाच्या इतिहासातील लहानसहान औदार्य नव्हे. किरणांनी ह्या मुलांची डोकेदुखी आणि ओकाऱ्या थांबत, काही महिने ती खेळतही; मग पाठीच्या कण्यातून रोग पुन्हा डोके वर काढी. त्यावरून एक विचार पुढे आला की, गाठीपुरते न थांबता संपूर्ण मेंदू व मज्जारज्जू यांस किरण द्यावे. मँचेस्टर येथील एडिथ पॅटर्सन आणि फार यांनी ह्या पद्धतीचे फल १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. तीन वर्षे जगलेल्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून अधिक भरले. तेवीस वर्षांपूर्वीचा ‘एकसष्टांत एक’ हा आकडा ज्यांच्या ध्यानी होता, त्यांस हे स्वप्नवत वाटले असल्यास नवल नाही. असाध्य ते याप्य, याप्य ते साध्य, अशी ही चढण होती.

आपल्याकडे ह्या विद्येस घर मिळाले ते मुंबईस. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई ह्या १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या; दोराबजीही पुढच्याच वर्षी गेले. त्यांनी मागे ठेविलेल्या विश्वस्तनिधीतून परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले व मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले गेले. एका स्त्रीच्या आजारासाठी परदेशी उपचार धुंडाळणाऱ्या घराण्याने पुढे देशातील असंख्य मुलांची सोय करून ठेविली. १९६२ मध्ये ह्या रुग्णालयाचा कारभार अणुशक्ती खात्याकडे गेला.

१९४७–४८ च्या हिवाळ्यात बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी औषधाने बालकांच्या रक्ताचा कर्करोग काही काळ मागे हटविता येतो असे दाखविले. ते औषध ज्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले, तिच्या संशोधनाचे सूत्रधार आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते, ही गोष्ट भारतीयांस अभिमानाची आहे. औषधयुगाच्या ह्या प्रारंभानंतर किरणांचे काम संपेल अशी कोणाची अटकळ असती, तर ती चुकली असती. औषधाने रक्तातील रोग हटे, पण तो मेंदूच्या आवरणांत दडून बसे, कारण तेथे औषध पोहोचत नसे. मूल असह्य डोकेदुखीने विव्हळू लागे. अशा वेळी डोक्यावर थोडे किरण दिले की आराम पडतो, हे जूलियो डान्जिओ, ऑड्री इव्हान्स आदी वैद्यांनी १९५९ मध्ये नोंदविले. हे निव्वळ उपशमन होते. पुढील दशकात मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी दुखणे उद्भवण्यापूर्वीच डोक्यास किरण देण्याचा क्रम औषधांच्या जोडीस घातला आणि १९७० च्या सुमारास निम्मी मुले रोगमुक्त होऊ लागली. आणखी काही वर्षांनी ह्या वाचलेल्या मुलांची बुद्धी व वाढ किरणांनी मंदावते असे दिसून आल्यावर, औषधेच सुधारून बहुतेक मुलांस डोक्यावरील किरण देण्याचे सोडून देण्यात आले. एकच उपचार, तो उपशमन म्हणून आला, रोगमुक्तीचे साधन झाला आणि गरज सरताच दूर केला गेला. डान्जिओ स्वतः किरणवैद्य. परंतु मुलांस किरण कमी कसे द्यावे ह्याचाच त्यांनी जन्मभर ध्यास घेतला. केवळ बरे करणे पुरेसे नाही, ह्या आशयाचा त्यांचा १९७५ चा लेख ह्या क्षेत्रात आजही आदराने आठविला जातो.

परंतु प्रत्येक रोग ही चढण चढला नाही. मेंदू आणि मज्जारज्जू यांस जोडणाऱ्या देठात एक गाठ उद्भवते. श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल, चालणे ह्या साऱ्यांचे तंतू तेथून जातात, आणि गाठ त्या तंतूंत अशी मिसळून वाढते की शस्त्राने ती काढणे म्हणजे तो देठच छाटणे होय. औषधांनी तिच्यापुढे आजवर हात टेकलेले आहेत. पाच ते दहा वर्षांच्या मुलांत ती विशेष आढळते आणि निदानानंतर बहुतेक मुले वर्षाच्या आतबाहेर जातात.

चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांच्या घरी हे दुःख चंद्राच्या आठ वर्षे आधी येऊन गेले होते. १९६१ च्या उन्हाळ्यात त्यांची दोन वर्षांची कन्या खेळता खेळता अडखळून पडली. मग तिचे डोळे तिरळे होऊ लागले, जीभ जड झाली. मेंदूच्या देठात गाठ असल्याचे निदान झाले. लॉस एंजेलिसजवळच्या रुग्णालयात सुमारे सात आठवडे तिला क्ष-किरण दिले गेले. उभेही राहू न शकणारी ती पोर पुन्हा रांगू लागली, मग चालू लागली. हे सुख दीड महिना टिकले. लक्षणे परतल्यावर कोबाल्टच्या किरणांचा यत्न झाला, पण तो सोसण्याचे त्राण तिच्या अंगी उरले नव्हते. आईबापांनी तिला घरी नेले. नाताळ तिने घरच्यांत काढला. २८ जानेवारी १९६२ रोजी ती वारली. आर्मस्ट्राँग त्या वेळी अतिवेगवान विमानांची चाचणी घेणारे वैमानिक होते. थोड्याच आठवड्यांत ते कामावर रुजू झाले आणि त्याच वर्षी अंतराळवीर म्हणून निवडले गेले. ह्या दुःखाविषयी ते पुढे क्वचितच बोलले.

ह्या हकीगतीचा हिशेब कसा मांडावयाचा? सात आठवडे उपचार, सहा आठवडे आराम. वजाबाकी करणाऱ्यास हा व्यवहार तोट्याचा वाटेल. पण पुन्हा चाललेली मुलगी ज्यांनी पाहिली, त्यांस ते सहा आठवडे कोणत्या मापाने मोजावे हे बाहेरच्या माणसाने सांगू नये. वैद्यांच्या हाती होते ते एवढेच की, ते सात आठवडे कमी करता येतात काय हे पाहावे. आश्चर्य असे की, हा साधा प्रश्न नेटाने विचारला जाण्यास आणखी अर्धशतक लागले.

मध्यंतरीच्या काळात ‘उपशामक’ ह्या शब्दास एक प्रकारचा कमीपणा आला होता. मुले वाचू लागली होती. जे वाचत नव्हते त्यांच्याविषयी बोलणे म्हणजे पराभव पत्करणे असे मानले जाई. ही दृष्टी पालटण्यास सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये स्थापिलेले सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषागृह आणि १९८२ मध्ये ऑक्सफर्ड येथे खास मुलांसाठी निघालेले हेलन हाऊस ह्या संस्थांनी मोठे साहाय्य केले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती आवेदना सदन निघाले. ह्याच सुमारास किरणवैद्यांनीही उपशमनाचा शास्त्रीय कस लावण्यास आरंभ केला. हाडांत पसरलेल्या रोगाच्या वेदनांवर दोन-तीन आठवड्यांचे उपचार आणि एकाच दिवशी दिलेली ८ ‘ग्रे’ इतकी एकच मात्रा, ह्यांची तुलना अनेक देशांत झाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत सातशेंहून अधिक रोगी होते. निष्कर्ष सर्वत्र एकच निघाला: आराम सारखाच. एका मात्रेनंतर पुन्हा किरण देण्याची पाळी अधिक वेळा येते, एवढेच. हे सारे रोगी प्रौढ होते. मुलांच्या हाडदुखीवर अशी मोठी चाचणी झालेली नाही, आणि मोठ्यांवरून लहानांचे अनुमान बांधावे लागते.

मुलाच्या बाबतीत एकेका खेपेचे मोल निराळे असते. मोठा माणूस फळीवर निश्चल पडून राहतो. तीन वर्षांचे मूल राहत नाही. त्यास बहुधा दररोज भूल द्यावी लागते. भूल द्यावयाची म्हणजे सकाळपासून उपाशी ठेवावयाचे. रडणारे, भुकेले पोर घेऊन आई रोज रुग्णालयाच्या बाकावर बसून असते. डोक्यास किरण द्यावयाचे असल्यास चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीदार मुखवटा चढवावा लागतो. त्यावर वाघाचे किंवा मारुतीचे तोंड रंगविले की काही मुले तो खुशीने घालून घेतात, ही युक्ती कोणा मोठ्या शास्त्रज्ञाची नसली तरी तिने पुष्कळ भूल वाचविली आहे.

मेंदूच्या देठातील गाठीस रूढ उपचार ५४ ग्रे, ३० खेपांत, म्हणजे सहा आठवडे. सुमारे नऊ महिन्यांचे आयुष्य उरलेल्या मुलाचे सहा आठवडे म्हणजे त्याच्या उरल्या जन्माचा सातवा हिस्सा. हा हिशेब मनावर घेतला तो कैरो येथील वैद्यांनी. तेथील बालकर्करोग रुग्णालय २००७ मध्ये लोकवर्गणीतून उघडले. ५७३५७ हा आकडा त्याच्या नावातच आहे, कारण देणगी जमा करण्याच्या बँकखात्याचा तो क्रमांक! रुग्णालय मोठे आणि रांग त्याहून मोठी. मोहम्मद झघलूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ मुलांचे दोन गट केले. एकास रूढ उपचार दिला आणि दुसऱ्यास ३९ ग्रे, अवघ्या १३ खेपांत. २०१४ मध्ये फल प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील मुलांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही. अडीचशेंहून अधिक मुलांवरील त्यांची दुसरी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिनेही आखूड उपचाराच्या बाजूनेच कौल दिला. ही वार्ता श्रीमंत राष्ट्रांतील एखाद्या विद्यापीठातून न येता नाईलच्या काठावरून यावी, ह्यात नवल कमी आणि न्याय अधिक आहे. जेथे यंत्रे थोडी व मुले पुष्कळ, तेथेच तेरा आणि तीस ह्यांतील अंतर दिसते.

परळच्या रुग्णालयाच्या आवारात हे अंतर कोणासही समजावून सांगावे लागत नाही. खानदेशातून, विदर्भातून, बिहार-बंगालमधून आलेले आईबाप शेतीची कामे टाकून येतात. कोणास दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, कोणास पदपथावर दिवस काढावे लागतात. घरी राहिलेल्या दुसऱ्या लेकरांकडे कोणी पाहावे हा प्रश्न असतोच. त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण होती. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन मिळणे इतके दुष्कर केले की, तीव्र वेदनेवरील हे स्वस्त औषध अनेक रुग्णालयांतून दिसेनासे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने काही बंधने सैल झाली. मॉर्फिन जेथे पोहोचत नाही तेथे किरणयंत्र पोहोचेल अशीही खात्री नसते. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्टयंत्र सिद्ध केले, त्यामागे हीच गरज होती. साध्या हाडदुखीवर एका दिवसाची मात्रा द्यावयास तेवढे यंत्र पुरते.

उपशमनातही चुकीचा संभव असतो, हे विसरून चालत नाही. किरणांनी येणारी हानी वर्षानुवर्षांनी दिसते. मूल तितके जगणारच नाही असे धरूनच उपशामक मात्रा जाड हप्त्यांत दिली जाते. हे धरणे चुकले तर? काही अर्भकांत एक विचित्र रोग आढळतो. त्यात यकृत गाठींनी इतके फुगते की श्वास कोंडतो, आणि तरीही रोग पुढे आपोआप ओसरतो. डान्जिओ, इव्हान्स आणि कूप यांनी १९७१ मध्ये त्याचे वर्णन केले. अशा बालकाच्या यकृतास द्यावयाची मात्रा मोठ्या रोग्यांच्या मानाने अगदी अल्प, अवघी ४–५ ग्रे असते. श्वास मोकळा होण्यापुरतीच. पुढे जगावयाचे आहे असे गृहीत धरून ती मोजलेली असते.

मेंदूच्या देठातील गाठ परतल्यावर पुन्हा किरण देऊ नयेत, असा नियम पूर्वी कडक पाळला जाई. देठ आणखी मात्रा सोसणार नाही अशी भीती होती. गेल्या काही वर्षांत अनेक देशांतील वैद्यांनी हा नियम हळूहळू सैल केला. पहिल्या उपचाराने ज्यांस काही महिने बरे वाटले होते, अशा मुलांस २० ते ३० ग्रे इतकी बेताची मात्रा पुन्हा दिली जाते. युरोपातील वैद्यांनी २०१७ मध्ये आपले अनुभव एकत्र करून पाहिले, तेव्हा असे आढळले की, बहुतेक मुलांची लक्षणे काही काळ कमी झाली आणि आयुष्यही थोड्या महिन्यांनी लांबले. गिळणे, बोलणे, तोल सांभाळणे ह्यांपैकी काय परत येईल हे आधी सांगता येत नाही. आईबाप बहुधा तेवढेच विचारतात.